उतू गेलेलं सार

लोधिवलीत दोन गोष्टी कुणाला समजावून सांगाव्या लागत नसत. एक, मुंबई-पुण्याच्या सडकेवरनं लष्कराच्या लॉऱ्या का धावतायत, आणि दुसरी, सहदेवच्या घरातल्या दोघी जावा एकमेकींशी का बोलत नाहीत. पहिलीचं कारण लढाई. दुसरीचंही तेच.

थोरली आनंदीबाई, सहदेवच्या वारलेल्या भावाची बायको. जेवणात चिंच नसली तर तिला घास उतरत नसे आणि बोलण्यात नसली तर शब्द. धाकटी सुंदरा, सहदेवची बायको. ती पापडखारासारखी, दिसायला पांढरी, गरीब, पण चाखायला गेलं की जीभ सोललीच. मधे सहदेव म्हणजे पाणी. कुणीही यावं, काहीही टाकावं आणि ढवळावं.

त्या दिवशी ठमीची सुपारी फुटायची होती. ठमी सहदेवची एकुलती लेक. चौकच्या बाजारात तिनं कुंभिवलीच्या भिवाजीचा पोरगा पाहिला होता आणि तेव्हापासून एकच घागर दिवसभर घाशीत बसायची. अडचण पोराची नव्हती, बापाची होती. भिवाजीची छाती सदा जळायची. दोन ठिकाणी जेवून, ढेकर अडल्यावर तो सुपारी न फोडताच उठला होता. त्याचं म्हणणं, "ज्या घरचं अन्न छातीवर बसतं, त्या घरची सून डोक्यावर बसंल."

लढाईपायी साखर दिसेनाशी झालेली, त्यामुळं गोडाधोडाचं नाव नाही. वालाचं बिरडं, भात आणि चिंचेचं सार. घराची सगळी अब्रू त्या साराच्या टोपात येऊन पडली होती.

आनंदीबाईनं सार चाखलं. "भावजी, तुमच्या बायकोला सांगा, हे पाय धुवायचं पानी चुलीवर कशापायी ठेवलंय?" आणि वाटीभर चिंचेचा कोळ ओतून ती पाण्याला गेली.

सुंदरानं चाखलं. तिचा एक डोळा मिटला तो मिटलाच. "आवो, तुमच्या वयनीला इचारा, पाव्हन्याला जेवू घालायचंय का घासून लख्ख करायचंय?"

"तूच इचार की गं."

"मी कशाला बोलू तिच्याशी?" म्हणत तिनं पापडाला आणलेला खार मुठीनं उचलला. "त्यांच्या छातीला आंबट सोसत नाय. आंबाटपना मारायलाच पायजे." आणि मूठ सोडली.

मग टोपात जे झालं ते दोघी जावांनी इतक्या वर्षांत तोंडानं केलं होतं, पण असं डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं. सार फसफसलं, फुगलं, कडेवरनं चढलं आणि फेसासकट चुलीत उडी मारून विस्तव विझवून मोकळं झालं. घरभर धूर झाला.

ओटीवर भिवाजी आणि त्याचा मेव्हणा धाऊ नुकतेच टेकले होते.

"सहदेवराव, आत कायतरी इझलं," भिवाजी म्हणाला.

"इझलं नाय, पाव्हनं. उतू गेलं."

"उतू गेलं? उगवतीकडं गेलं तर शकुन हाय. कुनीकडं गेलं?"

सहदेवनं आत डोकावलं. "चारी बाजूंनी."

"मंग त्यात उगवत आलीच की," धाऊ म्हणाला. त्याला भूक लागली होती.

दुसरं सार करायला ना चूल होती ना वेळ. सहदेवनं टोपात उरलेल्यात बोट बुडवून चाखलं. आंबट म्हणावं तर नाही, तुरट म्हणावं तर नाही. खारट, कोमट, मुकं. दोघीही त्यात होत्या आणि एकीचाही पत्ता लागत नव्हता. असली शांतता या घरात त्यानं पहिल्यांदाच चाखली. तेच वाढलं.

भिवाजीनं भुरका मारला आणि थांबला. छातीवर हात गेला. दाराआड ठमीच्या हातातली घागर थांबली. भिवाजीनं उरलेली वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

ढेकर आली. ती साधी नव्हती. ओटीवरची कोंबडी अंगणात उतरली आणि गोठ्यातल्या बैलानं चारा सोडून वर पाहिलं. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी.

"सहदेवराव," भिवाजी गहिवरून म्हणाला, "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा छाती गार पडली. आना ती सुपारी. आन पोरीला हे सार शिकवून धाडा, मला रोज लागंल."

सुपारी फुटली. पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. आनंदीबाईनं एकटीनं सार केलं, तर दात आंबले. सुंदरानं एकटीनं केलं, तर जीभ गेली. शेवटी ठमीला मधे बसवून दोघी एका चुलीशी उभ्या राहिल्या.

"भावजी, ठमीला सांगा, कोळ वाटीभर."

"आवो, ठमीला सांगा, खार मूठभर."

ठमी शिकून कुंभिवलीला गेली आणि भिवाजी सुखानं ढेकरा देऊ लागला. चार माणसांत तो सांगायचा, असलं सार एकोप्याच्या घरातच जमतं. तेवढं सांगून भागेना म्हणून दर बाजाराला तो मुद्दाम लोधिवलीला जेवायला येऊ लागला. आला की एक जाऊ इकडनं ओतायची, दुसरी तिकडनं, आणि दोघी दोन दिशांना तोंडं करून उभ्या राहायच्या.

सहदेवचं काम एवढंच उरलं. फेस बसला की ओली राख ओढायची आणि फुंकणी घेऊन चूल पुन्हा पेटवायची.