खिडकीपाशी बसलेली बाई

आईनं शेवटचा श्वास सोडला तेव्हा चिगुसाला रडू आलं नाही, आधी घड्याळ आठवलं. मेंदू लवकर काढावा लागतो. तोक्योतल्या एका वृद्धांच्या इस्पितळात तिनं निम्मं आयुष्य याच कामात घालवलं होतं. गेलेल्या माणसाच्या घरच्यांपुढं कंबरेत वाकायचं आणि संशोधनासाठी मेंदू मागायचा. आज पुढ्यात सख्खा धाकटा भाऊ होता, आणि तिची जीभ उचलेना.

टोफूच्या दुकानातून रबरी बुटांनिशी धावत आलेल्या इसाओनं ते ओळखलं.

"नाही म्हणजे नाही, ताई. परवा अस्थी वेचायच्यात. डोक्याचं हाड सगळ्यांत शेवटी, कलशात वर ठेवतात. ते काय करवतलेलं ठेवू?"

"आईनं स्वतः हो म्हटलं होतं."

"आईला खिडकीत बाईही दिसायची. तेव्हा म्हणायचीस, तिच्या बोलण्यात काही अर्थ नाही. आज बरी तिची साक्ष चालते तुला."

हे वर्मी लागलं. रोज दुपारी आईला खिडकीपाशी छत्री मिटून बसलेली एक बाई दिसे. चिगुसा समजावे, "आई, तिथं कुणी नाही. मेंदूतल्या एका प्रथिनाची घडी चुकलीय, त्याच्या गुठळ्या झाल्यात, म्हणून असं दिसतं." आई हिरमुसून जाई. इसाओ आला की मात्र तो त्या बाईला बसायला उशी टाकी, चहा देई, आणि आई निवांत झोपी जाई.

"मी तिला कधी चहा विचारला नाही, खरंय," चिगुसा म्हणाली. "पण ती येते कशी, ते मला शोधायचंय. सगळ्यांकडं ती अशी गुमान बसत नाही रे. लोक किंचाळत उठतात."

इसाओनं आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"कापण्याआधी सगळे हात जोडतात ना?"

"सगळे. डॉक्टरसुद्धा."

"मग नेऊ दे. पण तू आत जायचं नाहीस. आज तू लेक आहेस. माझ्याजवळ बाहेर बस."

ती बसली, आणि तिथं तिला रडू फुटलं. अस्थी वेचताना इसाओनं करवतीची कड असलेलं ते हाड जपून उचललं आणि कलशात वर ठेवलं.

काही महिन्यांनी टोफूचा डबा घेऊन तो प्रयोगशाळेत आला. चिगुसानं त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि आईच्या मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. पेशीच्या मधोमध एक गुलाबी गोळा होता, त्याभोवती फिकट कडं.

"ही त्या चुकलेल्या प्रथिनाची गुठळी. आईची पाहुणी म्हण हवं तर."

इसाओनं भिंगावरचा डोळा हलवलाच नाही.

"म्हणजे होतं की गं तिथं काहीतरी."

"होतं."

"आणि आपण त्या माउलीला सांगायचो, कुणी नाही म्हणून."

त्यानं कधीच तसं सांगितलं नव्हतं. तरी 'आपण' म्हणाला.

प्रयोगशाळेत चहाला सक्त मनाई होती; तशी पाटी चिगुसानंच लावली होती. ती उठली, किटली घेऊन आली आणि तीन कप भरले.