ताठलेली बाही आणि पांढरे फडके

मी एक जुनी बाही आहे, मित्रांनो. अंगरख्याची नव्हे, वाऱ्याची. विमान उतरते त्या पट्टीच्या कडेला, उंच खांबावर नारिंगी कापडाची, दोन्ही तोंडे उघडी असलेली एक लांबट पिशवी लटकत असते ना, ती मी. वारा एका तोंडाने शिरतो आणि दुसऱ्याने निघून जातो. माझ्यापाशी काही उरत नाही. पण तो कुठून आला आणि किती जोराने आला, ते माझ्या अंगावर दुरूनही वाचता येते. तेवढेच माझे काम.

माझा जन्म मासेरू शहरातला. तिथल्या कापड कारखान्यात जीनच्या विजारी शिवणाऱ्या एका बाईने मला दुपारच्या सुटीत शिवले. दुहेरी टीप चालेल, असे मुकादम म्हणाला होता. तिने तिहेरी घातली. शिवताना ती गुणगुणत होती, आणि त्या चालीवर मीही पुढे माझे दोन शब्द बसवले:

वारा येई घरा, मी भरल्या पोटाची
वारा जाई दूर, मी रित्या ओटीची

तिथून मला हा-लेतुका नावाच्या गावी आणले. डोंगरावरचे गाव. रस्ता येतो तो घोड्यांपुरता आणि गाढवांपुरता. विमानाची पट्टी म्हणजे उतारावरची खडीची एक लांब पट्टी. तिचे खालचे टोक दरीच्या काठावर संपते आणि वरचे टोक सरळ डोंगराच्या पोटात. म्हणून इथे विमान दरीवरून येते, चढावर उतरते आणि जाताना उताराने धावत दरीत झेप घेते. दुसरी वाट नाही. दरीच्या अलीकडच्या तोंडाशी एक पांढरा खडक आहे. विमानाने तो खडक ओलांडला की मग मागे वळायला जागा उरत नाही. समोर डोंगर, दोन्ही बाजूंना डोंगर. उतरायचेच. म्हणून खडकाच्या आधी वैमानिक एकदा माझ्याकडे पाहतात. माझे शेपूट दरीकडे असेल, तर वारा वरून येतो आहे, समोरून; विमानाला थोपवून धरणारा. शेपूट डोंगराकडे असेल, तर वारा दरीतून पाठीवर येतो आहे आणि विमान थांबायच्या आधी पट्टी संपेल.

पट्टीचे राखणदार मोखेथी. गाव त्यांना नताते म्हणते, म्हणजे बाबा. अंगावर तपकिरी घोंगडी, पायांत रबरी बूट, गळ्यात बोलायचे यंत्र. पट्टीवरची गाढवे हाकलणे, दगड वेचणे, विमान आले की वारा सांगणे आणि दर महिन्याला शिडी लावून माझ्या मानेच्या खिळीत तेल सोडणे, ही त्यांची कामे. पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. मेंढपाळ माझ्याकडे पाहून कळप फिरवत. लहान मुले माझ्या सावलीत शिरून पळत. वैमानिक लिनेओबाई प्रत्येक वेळी उतरल्यावर खांबावर थाप मारून म्हणत, "शाब्बास गं, बाही!"

मग कौतुकाला सवय झाली आणि सवयीला विसर पडला. माझा रंग उडाला. शिडी चर्चच्या छपराला गेली ती तिकडेच राहिली. चार महिने माझ्या मानेला तेल मिळाले नाही. आणखी एक गोष्ट होती, ती कुणालाच ठाऊक नव्हती. मोखेथींची नजर अधू झाली होती. खांबावरची मी त्यांना दिसे, पण त्यापलीकडचे सगळे धुक्यात. नोकरी जाईल म्हणून ते बोलले नाहीत.

आमच्याकडे, पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात, जून म्हणजे थंडीचा ऐन कडाका. त्या जूनमधल्या एका संध्याकाळी भुरभुर पाऊस झाला आणि रात्री सगळे गोठले. रात्रभर वारा वरून होता. मी भरलेल्या पोटाने, शेपूट दरीकडे करून, तशीच पत्र्यासारखी ताठ झाले. पहाटे वारा फिरला आणि दरीतून वर येऊ लागला. मला वळायचे होते. पण मान गंजलेली, अंगावर बर्फ. वारा माझ्या पाठीवर आपटत होता आणि मी मात्र सगळ्या जगाला उलटे सांगत उभी होते.

त्याच सकाळी पट्टीच्या कडेला लाकडी दांड्यांच्या एका झोळीवर तुमेलो निजली होती. दोन दिवस तिच्या पोटात कळा येत होत्या. दवाखान्यातल्या परिचारिकेने पोटावर हात फिरवून सांगितले होते की बाळ आडवे आहे, इथे होणार नाही, मासेरूच्या मोठ्या इस्पितळात न्यायला हवे. विमान बोलावले होते. तिच्या उशाशी तिची आई मा-तुमेलो. गावात दारू गाळणारी बाई. दारू तयार झाली की आमच्याकडे घरासमोर काठीला पांढरे फडके बांधतात. तिने ते परवाच बांधले होते, आणि मग लेकीच्या कळा सुरू झाल्यावर उतरवायचे विसरली होती. तिचे घर दरीच्या तोंडावरच्या टेकाडावर.

घरघर ऐकू आली. यंत्रातून लिनेओबाईंचा आवाज आला, "नताते, वारा सांगा."

मोखेथींनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. अंगावरच्या घोंगडीची टोके कुणीकडे उडत आहेत, ते पाहिले नाही. वर्षानुवर्षांची सवय. ते म्हणाले, "वरून. समोरून. झकास आहे, या."

विमान दरीत शिरले. आत काय झाले, ते मला पुढे कळले. लिनेओबाई विमान चालवत होत्या. त्यांच्या शेजारी रेतशेपिले नावाचा तरुण, नोकरीला दोनच महिने झालेला. लिनेओबाईंचा एक नेम होता. उतरताना एकाने हात चालवायचे, दुसऱ्याने डोळे. डोळेवाल्याला काही खटकले तर एकच शब्द म्हणायचा, "वर". कारण विचारायचे नाही. कोण थोरला, कोण धाकटा, हेही नाही.

रेतशेपिलेने मला पाहिले. शेपूट दरीकडे. ठीक. मग त्याला टेकाडावरचे पांढरे फडके दिसले. ते डोंगराकडे ताणले गेले होते. माझ्या अगदी उलट. खडक येतच होता.

"वर!"

लिनेओबाईंनी विचारले नाही. विमान गरजले, एका पंखावर कलले आणि खडकाच्या अलीकडून वळून दरीतून बाहेर पडले.

खाली मा-तुमेलो किंचाळली, "अरे, चालले की ते! म्हाताऱ्या, काय सांगितलंस तू त्यांना?"

यंत्र खरखरले. "नताते, तुमची बाही एक सांगते आणि दारूचं फडकं दुसरंच. खोटं कोण बोलतंय?"

"माझी बाही अकरा वर्षांत कधी खोटं बोलली नाही, पोरी."

"दारूही कधी खोटं बोलत नाही," लिनेओबाई म्हणाल्या. "नीट बघा. माझ्याकडे अजून दोन फेऱ्यांचं इंधन आहे. मग मला परत जावं लागेल."

भोवती जमलेल्यांपैकी चार जणांनी माझा खांब गदागदा हलवला. बर्फाचे तुकडे खाली पडले. मान हलली नाही. तेव्हा मोखेथींनी गालावर वारा घेतला, घोंगडीचे टोक हातात धरून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. यंत्र तोंडाशी धरून ते म्हणाले, "वारा दरीतून आहे. मी न बघता सांगितलं. चूक माझी."

लिनेओबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. दरीचा वारा दम खात येतो. मधे पडला की आम्ही उतरू. खडकाच्या आधी मला कळायला हवं. फडक्यावर नजर ठेवा."

मोखेथी हलकेच बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे. "मला इथून ते फडकं दिसत नाही. दोन वर्षं झाली." आणि त्यांनी गळ्यातले यंत्र काढून मा-तुमेलोच्या हातात दिले. "फडकं तुझं. तूच सांग."

"मी? मला काय कळतं त्यातलं!"

"दारात बसून रोज तेच तर बघतेस. ताणलेलं असेल तर ताणलेलं म्हण. पडलं तर पडलं म्हण. बाकी काही बोलू नकोस."

विमान पुन्हा दरीत शिरले. झोळीवर तुमेलो कण्हली, "आई, आलं का गं?"

मा-तुमेलोला एवढेच म्हणायचे होते की पडले, या, माझ्या पोरीला घेऊन जा. कुणी तिला अडवले नसते. गावाला फडके दिसत होते, पण बोलायचे यंत्र एकटीच्या हातात होते. विमान खडकाजवळ येत होते.

"ताणलंय," ती म्हणाली. "ताणलंय गं बाई. जा. वर जा!"

विमान वळले. ती झोळीशेजारी बसली, पण डोळे टेकाडावरून हलवले नाहीत. परिचारिकेने तुमेलोचा हात धरला. एक म्हातारा पिणारा पुटपुटला, "आयुष्यभर त्या फडक्याकडे धावत आलो, पण एवढं टक लावून कधी बघितलं नव्हतं." कुणी हसले नाही, पण कुणी रागावलेही नाही.

शेवटची फेरी. घरघर जवळ आली. फडके ताणलेलेच.

"ताणलंय... ताणलंय अजून... टोक खाली आलं..." ती उभी राहिली. "हलतंय जरा... पडलं! पडलं, काठीला चिकटलं!"

"पडलं," यंत्रातून रेतशेपिलेचा आवाज आला.

"उतरते," लिनेओबाई म्हणाल्या. आणि विमानाने खडक ओलांडला.

मी वरून पाहत होते. चाके पट्टीच्या अगदी खालच्या टोकाला टेकली. एकीने विमान सरळ धरले, दुसरा मोठ्याने वेग मोजत राहिला. खडी उडाली. डोंगरापासून पंधरा पावले उरली तेव्हा विमान थांबले. त्याच क्षणी दरीचा वारा पुन्हा सुटला आणि फडके फाडकन ताणले गेले.

तुमेलोला आत ठेवले. येताना वैरी झालेला तोच वारा जाताना कामी आला. समोरून येऊन त्याने विमानाला दरीवर अलगद उचलून घेतले. दुपारी उन्हाने माझे अंग सैल झाले, मान कुरकुरली आणि मी वळले. तोवर पाहायला कुणी नव्हते.

संध्याकाळी यंत्रावर निरोप आला. मुलगी झाली. दोघी ठीक. तिचे नाव लिनेओ ठेवले, आणि आता, काही वर्षांनी, ती माझ्याच सावलीत पळते.

मोखेथींची नोकरी गेली नाही. पुढच्या खेपेला लिनेओबाईंनी त्यांच्यासाठी शहरातून चष्मा आणला. तो लावून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, किती फाटलीस तू!" शिडी चर्चवरून परत आली. खालच्या शिवणी त्यांनी स्वतः घातल्या, दुहेरी. तिहेरी त्यांना जमली नाही. तेल आता दर महिन्याला मिळते. आणि विमान यायच्या दिवशी मा-तुमेलो पांढरे फडके बांधतेच, दारू असो वा नसो. लांबून तहानलेले घोडेस्वार येतात, रिकामे मडके पाहून तिच्या नावाने बोटे मोडतात. ती त्यांना सांगते, "ते तुमच्यासाठी नाही."

मित्रांनो, मी फाटले तर मला शिवा. नाहीच जमले, तर काढून दुसरी लावा. मला राग नाही. पण मी नुसती उभी आहे म्हणून माझ्यावर विसंबून राहू नका. मानेत थेंबभर तेल सोडा. आणि कुणी वारा विचारला, तर उत्तर द्यायच्या आधी एकदा मान वर करून बघा. मग शेजारच्यालाही विचारा, "तुला काय दिसतंय?"