साखरेच्या अंगरख्याची साक्ष

मी साखरेचा अंगरखा बोलतोय. चहातली साखर डोळ्यांसमोर आणू नका, मला मुंग्या लागत नाहीत. पुरुषाच्या शुक्राणूच्या अंगावर, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत, साखरेच्या बारीक साखळ्यांचा जो थर असतो, तो मी.

माझा शुक्राणू जन्मला तेव्हा त्याला धड पोहताही येत नव्हतं. वळ्यावळ्यांच्या एका लांबलचक नळीतून तो रमतगमत निघाला आणि वाटेत मी त्याच्या अंगावर चढत गेलो. माझ्यामुळे तो शेजाऱ्याला चिकटत नाही. पुढे गर्भाशयाच्या तोंडाशी जो दाट स्राव असतो, त्यातूनही तो अडकून न पडता निसटतो. शेपूट हलवायचं काम त्याचं, वाट सोपी करायचं माझं. कौतुक मात्र सगळं शेपटीचं होतं. असो.

आमचा मालक बर्फाच्या कारखान्यात कामाला. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. घरादाराची बोलणी बायकोने खाल्ली, तपासण्याही तिच्याच झाल्या. शेवटी तोच म्हणाला, आता माझी करा. प्रयोगशाळेतून त्याला वीर्याच्या नमुन्यासाठी एक डबी मिळाली आणि सूचना मिळाली की तासाभरात आणा, खराब होऊ देऊ नका. वीस वर्षं लोकांची मासळी टिकवणाऱ्या माणसाला त्यावर एकच उपाय ठाऊक. त्याने डबी बर्फात घालून आणली, तीही मोठ्या निगुतीने. आमच्या शेपट्या जागच्या जागी थिजल्या.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एकही हलेना. त्यांचा चेहरा पाहून मालकाने सोबत आलेल्या बायकोला पाणी आणायला पाठवलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, दोष माझा निघाला तर आजच तिला मोकळी करतो. माझ्यापायी अजून किती वर्षं घालवायची तिने?"

बायको पेला घेऊन दाराशीच उभी होती. त्याला ती दिसली नाही.

बाई पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे वळल्या. त्यांचं संशोधन माझ्यावरच चालायचं. साखरेलाच जाऊन चिकटणारा एक चमकता रंग त्यांनी आमच्यावर सोडला आणि मी हिरवागार उजळलो. अंगरखे असे धडधाकट आणि चाल मात्र एकाचीही नाही, हे काही त्यांना पटेना. अहवालाचा कागद बाजूला सारून त्यांनी विचारलं, "डबी आणलीत कशी?"

"बर्फातून," तो अभिमानाने म्हणाला. "जराही गरम होऊ दिली नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. आम्हाला अंगाची ऊब लागते हे त्याला समजावून सांगितलं आणि आठवड्याने पुन्हा बोलावलं. मला त्यांनी काचपट्टीवर बंद करून ठेवलं, म्हणून पुढचं पाहायला मी उरलो.

आठवड्याने दोघं आली तेव्हा डबी बायकोने शालीच्या आत छातीशी धरली होती. "यांच्या हाताला बर्फाची सवय," ती म्हणाली, "म्हणून या वेळी मीच आणलीय."

या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्याहून जास्त पळत होते. बाईंनी मालकाला बघू दिलं. तो बराच वेळ वाकून राहिला, मग डोळे पुसून त्याने बायकोला जागा दिली.

"तुमचेच ना हे?" ती बघता बघता म्हणाली. "तुम्हाला तर कधी कशाची घाई नसते. घाई केलीत ती एकदाच, मला मोकळी करायची."

तिच्या खांद्यावरून घसरलेली शाल त्याने नीट केली.

त्यांना मूल होईल की नाही, मला सांगता येणार नाही. माझा हिरवा रंग आता विटत चाललाय, थोड्या दिवसांत बाईंनाही मी दिसणार नाही. तेव्हा जाता जाता एवढंच मागतो. कुणी थंड पडलेलं दिसलं, तर निकाल लिहिण्याआधी ते कुठल्या बर्फातून आलंय, तेवढं विचारा.