राउटरची प्रवेश परीक्षा

रेणुकादास देगलूरकर सरांच्या घरात परीक्षा दिल्याशिवाय कुणालाही प्रवेश नव्हता. दूधवाल्याला महिनाभर रतीब घालून स्वतःला सिद्ध करावं लागलं. पोळ्यांना येणाऱ्या नीलाबाईंची निवड तीन बायकांमधून, पोळी किती फुगते आणि किती वेळ फुगलेली राहते हे पाहून झाली. सौदामिनीबाई तर सांगायच्या, की बघायला आले तेव्हा यांनी मला न्यूटनचे नियम विचारले. सर म्हणायचे, ती थट्टा होती. विचारले मात्र होते.

सर लातूरचे, विषय भौतिकशास्त्र. भूकंपाच्या वर्षी पोरं स्लॅबखाली बसायला तयार नव्हती, म्हणून तेव्हाच्या तरुण सरांनी मोकळ्या जागेत पत्र्याचं शेड ठोकून शिकवणी सुरू केली. पोरांची भीती दोन-तीन वर्षांत ओसरली, शिकवणी मात्र राहिली. शिकवणीचे क्लासेस झाले, क्लासेसमधून दुमजली घर झालं. मग बाहेरून मोठमोठे क्लासवाले आले, टॉपरांच्या फोटोंची होर्डिंग्ज लागली, आणि सरांच्या बाकांवर धूळ बसली. सरांनी बाक विकले आणि वरच्या मजल्यावर मुलींचं वसतिगृह काढलं. गावाने त्यांच्याकडून न्यूटन शिकायचं सोडलं होतं, पण खोल्या भाड्याने घ्यायचं काही सोडलं नव्हतं.

सरांची स्वतःची मुलगी मालविका यंदा तिसऱ्यांदा मेडिकल प्रवेशाची 'नीट' देणार होती. पहिल्या वेळी लोक म्हणाले, होतं असं. दुसऱ्या वेळी लोक काहीच म्हणाले नाहीत, आणि तेच सरांना जास्त झोंबलं. दिवाळीपासून मालविका जेवताना बोलेनाशी झाली. दोन घास खायची, खोलीत जाऊन दार लावायची, मोबाइल घेऊन बसायची.

"अहो, एकदा तिच्याजवळ बसा. काय चाललंय पोरीचं, विचारा तरी," सौदामिनीबाई म्हणाल्या.

सरांना ते पटलं. प्रकरण गंभीर होतं. म्हणून त्यांनी नवा राउटर घ्यायचं ठरवलं.

त्यात त्याच आठवड्यात मुखेडकडचे ग्यानोबा आपल्या मुलीला, अयोध्याला घेऊन खोली बघायला आले. त्यांनी पाण्याची टाकी पाहिली, खिडकीचे गज हलवून पाहिले, नीलाबाईंची भाजी चाखली आणि शेवटी विचारलं, "सर, वायफाय हाय का?"

"आहे ना!"

"मंग त्याच्यात पोरींना काय काय दिसतं?"

सर गडबडले. समोरच्या मुलांच्या हॉस्टेलने नुकतीच 'फायरवॉलयुक्त वायफाय' अशी पाटी लावली होती. फायरवॉल म्हणजे काय हे त्या मालकाला ठाऊक नव्हतं, पण पाटी चार फुटांची होती. "आपल्याकडेही फायरवॉल येतेय," सर म्हणाले. ग्यानोबांनी पोरीची ट्रंक खाली ठेवली.

कॉम्प्युटरच्या दुकानात आलोक बसायचा. तो सरांचाच जुना विद्यार्थी, भौतिकशास्त्रात दोनदा नापास झालेला आणि तरीही पोटापाण्याला लागलेला, त्यामुळे सरांचा त्याच्यावर थोडा राग होता. आलोकने काउंटरवर तीन राउटर मांडले.

"सर, आधी एक ऐका. फायरवॉल बाहेरच्या चोराला आत येऊ देत नाही. आतल्या माणसाने बाहेर काय बघायचं, त्याचं सेटिंग वेगळं असतं, पॅरेंटल कंट्रोल म्हणतात त्याला. हा महागडा तुम्हाला कशाला? आणि हा सगळ्यात स्वस्त नुसता दिसायला राउटर आहे, कंपनी त्याला अपडेटही देत नाही. मधला घ्या. परवडतो, फायरवॉल चांगली आहे, कंट्रोलही आहे. कोणताही घ्या, पण कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला."

"यातला पहिला नंबर कुणाचा?" सरांनी विचारलं.

"राउटरचा नंबर नसतो सर."

नंबर नसलेली वस्तू जगात असू शकते हे सरांना मान्य नव्हतं. त्यांनी आलोककडून तिन्ही राउटर चार दिवसांच्या बोलीवर घरी आणले आणि त्यांची प्रवेश परीक्षा जाहीर केली. आलोक येऊन तिन्ही बयाजवार, व्यवस्थित लावून देणार, जितकी कडक होतील तितकी सेटिंग्ज करून देणार. मग एकेका संध्याकाळी एकेक राउटर चालू करायचा, सगळ्या मुलींनी हॉलमध्ये बसून बंदी घातलेलं काहीही उघडून दाखवायचा प्रयत्न करायचा. अडवलं तर राउटरला अधिक चार गुण, सुटलं तर उणे एक. त्यातही ज्या मुलीला क्लासच्या टेस्टमध्ये जास्त मार्क, तिच्या मताला जास्त वजन. हुशार मुलीपुढे जो टिकला तो खरा टिकला, असा सरांचा सिद्धांत होता.

चोरांनाच कुलूप निवडायला बसवल्यावर काय होणार, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. पण सरांना भौतिकशास्त्र येत होतं, एवढंच येत होतं.

पहिल्या दिवशी महागडा राउटर बसला. पाच मिनिटांत वैष्णवी ओरडली, "सर, सिरियल लागली!" वैष्णवी टेस्टमध्ये कायम पहिली. पाठोपाठ बाकीच्यांच्या मोबाइलवरही नाच-गाणी सुरू झाली. पोरींनी वायफाय बंद करून आपापला डेटा चालू केला होता, पण सर मोबाइलकडे बघत नव्हते. ते हातातल्या तक्त्यात उणे एक, उणे एक लिहीत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या राउटरचंही तेच झालं. सर हळहळले. आलोकची पारख अजून नापासच आहे, असं ते सौदामिनीबाईंना म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सगळ्यात स्वस्त राउटर बसला आणि पोरींच्या अंगात नाटक संचारलं. कुणी कपाळ पुसतंय, कुणी मोबाइल आपटतंय, कुणी 'हरलो बाई' म्हणून भिंतीला टेकतंय. "सर, काहीच उघडत नाही हो!" वैष्णवी रडकुंडीला आल्यागत म्हणाली.

एकटी अयोध्या मोबाइल हातात धरून उभी राहिली. तिच्या मोबाइलवर एक बाई खणखणीत आवाजात मेंदी काढायला शिकवत होती. "सर, उलटं हाय. ह्याच्यातच समदं दिसून राहिलंय. ह्यो नका घेऊ. कडक असंल तो घ्या, मला आवर न्हाई. एकदा हातात घेतला का तास जातो."

इतका खरा जबाब त्या हॉलमध्ये त्याआधी कुणी दिला नव्हता. सरांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, "मागच्या टेस्टला सातशे वीसपैकी किती?"

"दोनशे बारा."

"बरं. बस खाली."

मग त्यांनी मालविकाकडे पाहिलं. ती कोपऱ्यात बसली होती. "तुझं काय?"

"हाच घ्या बाबा. याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही," मालविका म्हणाली. महिन्याभरात ती वडिलांशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. सरांना भरून आलं. एक तर पोरगी बोलली, वर राउटर स्वस्तातला निघाला.

राउटर हॉलमध्ये उंचावर बसला. त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. गेटवर पाच फुटांची पाटी लागली, समोरच्यापेक्षा एक फूट जास्त: 'परीक्षित फायरवॉल'. ग्यानोबांना फोनवर हमी गेली. अयोध्याने दोन दिवस वाट पाहिली आणि मग आपला मोबाइल सौदामिनीबाईंच्या डाळीच्या डब्यात नेऊन ठेवला. सर निर्धास्त झाले. मालविकाचं दार लागलेलं दिसलं, की त्यांची नजर राउटरच्या हिरव्या दिव्याकडे जाई आणि त्यांना पोरीची चौकशी केल्यासारखं वाटे.

एप्रिल उजाडला आणि नेट गोगलगाईगत चालायला लागलं. सरांचा रोजचा पेपरही मोबाइलवर उघडेना, तेव्हा त्यांनी आलोकला बोलावलं. आलोकने लॅपटॉप जोडला, थोडा वेळ पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"सर, पासवर्ड कंपनीचाच आहे. फायरवॉल कुणीतरी केव्हाच बंद केलीय. आणि समोरच्या हॉस्टेलची पोरं ह्याच्यावर मॅच बघून राहिलीत."

सरांनी सगळ्या पोरींना हॉलमध्ये उभं केलं. तीस वर्षांत कॉपी पकडताना काढला होता तसा आवाज काढला. पहिल्या नंबरची वैष्णवी पहिल्या नंबरानेच फुटली आणि डेटा चालू करण्यापासूनचं सगळं सांगून मोकळी झाली. "पण सर, आयडिया आमची नव्हती. मालविकाताईंची होती."

सर मालविकाकडे वळले. सौदामिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कशासाठी केलंस हे? काय बघायचं होतं तुला?"

"काही नाही बाबा," मालविका म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "मी यंदा नीटचा फॉर्मच भरलेला नाही."

सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"वरच्या सगळ्या मुलींचे फॉर्म तुम्ही स्वतः बसून भरलेत. मी म्हणाले माझा मी भरते, तुम्ही बरं म्हणालात. तारीख जाऊन कितीतरी दिवस झाले. रोज वाटायचं, आज विचाराल. तो चांगला राउटर लागला असता, तर तुम्ही कायमचे निश्चिंत झाला असता. हा फसणार हे मला माहीत होतं. फसला, की तरी तुम्ही माझ्याकडे याल असं वाटलं," ती म्हणाली. "आता विचारा ना, काय विचारायचं ते."

सरांना विचारायचं पुष्कळ होतं. कधीपासून असं वाटतंय, झोप लागते का, काय करावंसं वाटतं तुला. प्रश्न अगदी ओठांवर आले. पण आजवर त्यांनी काढलेल्या प्रत्येक पेपरचं उत्तर त्यांना आधी ठाऊक असायचं. या प्रश्नांची उत्तरं त्यांना ठाऊक नव्हती, आणि ती ऐकायची त्यांना भीती वाटली, भूकंपातसुद्धा वाटली नव्हती एवढी. पोरगी समोर उभी होती. तिचे डोळे त्यांच्यावरून हलत नव्हते.

सर आलोककडे वळले.

"तो मधला राउटर... आहे का रे अजून दुकानात?"

आलोकने एकदा मालविकाकडे पाहिलं, एकदा सौदामिनीबाईंकडे. "आहे सर," तो हळूच म्हणाला.

"मग हा काढ, आणि तो आजच्या आज लाव. पासवर्ड मी स्वतः बदलतो."

सौदामिनीबाई आत गेल्या. मालविकाने कोपऱ्यातलं स्टूल उचललं, राउटरखाली आणून ठेवलं आणि आलोक वर चढेपर्यंत ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

सरांना हायसं वाटलं. पोरगी समजूतदार आहे, हे ते पहिल्यापासून म्हणत होते.