बाईंनी लिहिलेले ‘छान’

शिकवणीच्या बाईंनी वही उघडली आणि आपल्याच लाल अक्षरांवर त्यांची नजर अडली.

समोर विद्यार्थिनीचा नवरा बसला होता, दिसायला सालस, बोलायला मवाळ. बायको यापुढे क्लासला येणार नाही, तिला बरे नसते, असे सांगून त्याने वही पुढे सरकवली होती. मला जर्मन येत नाही, तिने काय लिहिलेय तेवढे वाचून दाखवा, अशी त्याची विनंती.

मागच्या आठवड्यात बाईंनी क्रियापदाचे नाम करायला शिकवले होते. काम सोपे. आधी ‘दास’ हे उपपद लावायचे, पहिले अक्षर मोठे करायचे, झाले नाम. मग ते कोण करते, हे सांगायची गरजच उरत नाही. गृहपाठ होता घरातल्या रोजच्या गोष्टींवर. बाकीच्यांनी झाडणे, झोपणे लिहिले. हिने लिहिले होते, कुलूप लावणे सात वाजता असते. मारणे जेवणानंतर असते. ओरडणे भिंतीपलीकडे जात नाही. चाळीस वह्यांच्या ढिगात बाईंना दिसले ते एवढेच, की ‘मारणे’चे पहिले अक्षर लहान राहिलेय. ते त्यांनी मोठे केले आणि खाली ‘छान’ लिहून वही बाजूला ठेवली.

आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“दिवा लावणं सात वाजता असतं,” त्या एकेक शब्द जपून म्हणाल्या. “भांडी घासणं जेवणानंतर असतं.”

तो मान डोलावत राहिला. मग त्याने खिशातून मोबाइल काढून पानावर धरला.

“हा वेगळंच सांगतो, बाई.”

वाक्ये मीच फळ्यावर दिली होती, तिला काही बोलू नका, असे त्या घाईघाईने सांगू लागल्या. त्याने हसून हात वर केला.

“मी कशाला बोलू? उलट तुमचं ‘छान’ दाखवलं तिला. म्हटलं, बघ, बाईंनी सगळं वाचलंय. त्यांनाही काही वाटलं नाही.” त्याने वही काखोटीला मारली. “तेव्हापासून एकदम गप्प आहे.”

जाताना त्याने दार अगदी हलक्या हाताने ओढून घेतले.

घड्याळात सात वाजायला वीस मिनिटे होती. बाईंनी पायांत चपला अडकवल्या आणि त्याच्या मागोमाग जिना उतरू लागल्या.