शून्यावर आणलेली बटणं

मी सिंथेसायझर बोलतोय. स्वर पट्ट्यांवर वाजतात, पण माझा आवाज कसा असेल ते ठरतं डावीकडच्या बटणांवर. माझ्या पोटात दोन ऑसिलेटर आहेत, म्हणजे सूर जन्माला घालणारे दोन भाग. एका बटणाने सूर करवतीसारखा धारदार होतो, नाहीतर बासरीसारखा मऊ. दुसऱ्याने सप्तक बदलतं. आणि सगळ्यांत छोटं बटण एका सुराला दुसऱ्यापासून केसभर बाजूला सरकवतं. मग दोन्ही सूर एकमेकांना घासतात, आवाज हेलकावे खातो. आवाजांची मला स्मरणशक्ती नाही. बटणं जिथे असतील, तेवढंच मला आठवतं.

मला विकत आणलं मास्तरांनी. ते नाटकांना संगीत द्यायचे. पण मला ओळखलं ते त्यांच्या बायकोने. तिला सगळे वहिनी म्हणत. भांडी आवरली की हात पुसून ती माझ्यासमोर बसायची. आधी अर्धा तास मला नुसतं तापू द्यायची. गार असताना माझे सूर घसरतात, हे मास्तरांना कधी कळलंच नाही.

एका नाटकात आईच्या शेवटच्या घटकेचा प्रसंग होता. मास्तरांचं काहीच दिग्दर्शकाला पटेना. वहिनीने अकरा दिवस घालवले. दोन्ही सूर खाली आणले, एक मऊ ठेवला, दुसरा पोकळ केला, आणि ते छोटं बटण जरा जरा हलवत राहिली. बाराव्या दिवशी मीच दचकलो. माझ्यातून कुणीतरी श्वास घेत होतं, अडखळत, संपत आल्यासारखा. तिने प्रत्येक बटणाशी पेन्सिलीने बारीक रेघ मारली.

दिग्दर्शकाने तो आवाज तीनदा वाजवायला लावला. "वहिनी, हे तुम्ही केलंत? जाहिरातीत तुमचं नाव टाकतो."

मास्तर हसले. "टाका की."

रेकॉर्डिंगच्या सकाळी ते ओलं फडकं घेऊन आले. रेघा घासून घासून पुसल्या. मग एकेक बटण शून्यावर आणलं, सावकाश, शीळ घालत.

स्टुडिओत सगळ्यांसमोर वहिनीने पट्टी दाबली. मी भोंग्यासारखा ओरडलो. वादक फिदीफिदी हसले.

"अहो, बटणं कुणी हलवली?"

"धूळ होती, पुसली. तूच केलंस ना ते? लाव परत. दहा मिनिटं आहेत."

तिने एकेक बटण फिरवून पाहिलं, पण छोटं बटण घाईला दाद देत नाही. दहा मिनिटं मी किंचाळत राहिलो.

"चुकून लागलं होतं हो तिला," मास्तर सगळ्यांना म्हणाले.

ती पुन्हा माझ्याकडे फिरकली नाही. दिग्दर्शक मात्र दर नाटकाला तोच आवाज मागायचा. मास्तर चार वर्षं शोधत बसले. शेवटी यंत्रच बिघडलंय असं दाखवायला त्यांनी पक्कड घेतली आणि माझा एक ऑसिलेटर उपटून काढला.

आता मास्तर नाहीत. मी दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर आहे. आज सकाळी त्याने वहिनीला फोन लावला.

"दुरुस्त होईल, वहिनी. एक भाग बसवला की अगदी पूर्वीसारखा वाजेल."

मी जिवाचा कान करून ऐकत होतो.

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "सुटे भाग काढून घ्या."

उरलेला सूर तपासायला त्याने एक पट्टी चिकटपट्टीने दाबून ठेवलीय. हातात स्क्रूड्रायव्हर आहे, वरचे दोन स्क्रू निघालेत.

दादा, खोलायचं तर खोल. पण आधी वायर काढ. मी अजून चालू आहे.