मंगळवारच्या काचपट्ट्या

मंगळवारी सुईने काढलेल्या थायरॉइडच्या नमुन्यांपैकी निम्म्यांत पेशी सापडत नसत. शुक्रवारी काढलेल्यांत सापडत. सुई तीच, डॉक्टर तेच, आणि पाहणारा मीही तोच.

मित्रांनो, मी पोतोसीच्या रुग्णालयातला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. या थंड डोंगराळ शहरातल्या गळ्यांच्या गाठी मी एकतीस वर्षे पाहत आलो. एके काळी माझे कौतुक होई. पण मंगळवारचे अहवाल ‘नमुना अपुरा’ असे जाऊ लागले आणि दोष माझ्या माथी आला. मला उघडले, पुसले, पुन्हा उघडले. माझ्याखाली काय ठेवले जाते, हे मात्र कुणी तपासले नाही.

सातुर्निनाबाई बाजारात आपी विकत. जांभळ्या मक्याचे ते गरम, दाट पेय त्या हाका मारमारून खपवीत. त्यांच्या गाठीत तीन मंगळवारी सुई घातली. तिन्ही नमुने अपुरे ठरले. अखेर येत्या गुरुवारी अर्धी ग्रंथी कापून काढायचे ठरले. आवाजाची नस तिच्या अगदी मागून जाते.

“माझं दुकान गळ्यात आहे, डॉक्टरबाई,” त्या पेशीतज्ज्ञ निल्दा चोके यांना म्हणाल्या. “टोचून टोचून मानेची चाळण केलीत. आणि आता काही कळलं नाही म्हणून कापणार?”

निल्दांनी जुनी काचपट्टी पुन्हा माझ्याखाली सरकवली. जांभळा, कणीदार, दाट थर; बाकी काही दिसेना.

“बेनिता, ही मान आहे की आपीचं पातेलं?”

“यंत्र म्हातारं झालंय, बाई,” मंगळवारच्या परिचारिका बेनिता म्हणाल्या. “त्याला चष्मा लावा.”

भिंगांना चष्मा! एकतीस वर्षांच्या चाकरीचे हे फळ.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या मंगळवारी निल्दांनी मला उचलून थेट तपासणीच्या खोलीत नेले. पेशी आयुष्यभर पाहिल्या होत्या. गळा प्रथमच पाहिला, तोही सातुर्निनांचा. सोनोग्राफीत गाठ दिसावी म्हणून मानेला लावायची जेल बेनितांनी गरम पाण्यात ठेवली होती. सुई टोचण्याच्या ऐन वेळी त्यांनी तिचा आणखी एक गोळा मानेवर ओतला.

“हे कशाला?” निल्दांनी विचारले.

“शुक्रवारचा तो खडूस परिचारक पुसून कोरडी करतो मान. माणसं कुडकुडतात. मी जरा माया करते.”

निल्दांनी डॉक्टरांची सुई थांबवली. नुसती जेल काचेवर पसरली, रंगवली, माझ्याखाली ठेवली. तिच्यात मान नव्हती, पेशी नव्हती. जांभळा थर मात्र तोच.

बेनितांनी माझ्या भिंगाला डोळा लावून पाहिले.

“म्हणजे माझीच माया?”

“माया पांघरुणानं करा. मान पुसा.”

मान पुसली. चौथ्या सुईतल्या पेशी माझ्याखाली स्वच्छ, एकसारख्या, शिस्तीत बसलेल्या दिसल्या. कर्करोगाची खूण नव्हती. गुरुवारची शस्त्रक्रिया रद्द झाली.

“मग गुरुवारी आपी प्यायला या,” सातुर्निना म्हणाल्या. “मानेला लावायची नाही, प्यायची.”

मित्रांनो, मला दोष देण्यापूर्वी माझ्याखालची काच एकदा तपासून पाहा. निल्दांनी त्या दिवशी नोंदवहीत लिहिले: ‘मानेवरची जेल सुईबरोबर काचेवर येऊन रंगात जांभळी होत होती आणि पेशींना झाकत होती. टोचण्यापूर्वी मान पुसावी. सूक्ष्मदर्शकात दोष नाही.’